फोरममध्ये सगळी गर्दी सीझरपाशीच का?

फ्लोरेन्स आवडलं, व्हेनिसच्या गर्दीने जीव मेटाकुटीला आला. पण लिहायला बसले ते रोमच्या फोरममधल्या, म्हणजे प्राचीन शहराच्या मुख्य चौकातल्या, एका दुपारीमुळे.

सीझरच्या देवळाचे अवशेष एका छोट्या छपराखाली आहेत. मातीदगडाचा ढिगारा, त्यावर लोकांनी वाहिलेली फुलं आणि नाणी. प्रत्येक गाइड आपला घोळका तिथेच थांबवत होता. मला ते फार खटकलं. रोमचा डिक्टेटर हा संकटकाळापुरता, फार तर 6 महिन्यांसाठी नेमायचा अधिकारी. इ.स.पू. 44 मध्ये सीझर तहहयात डिक्टेटर झाला. फुलं त्याला?

जवळच क्युरिया, म्हणजे सिनेटची (राज्यकारभारावर ठराव करणाऱ्या सभेची) विटांची इमारत. आत दोन्ही बाजूंना सभासदांच्या आसनांसाठी बुटक्या, रुंद पायऱ्या. ही वास्तू नंतरची, पण दारात उभी राहिले आणि ट्रिब्यून आठवले. इ.स.पू. 494 मध्ये कर्जाने गांजलेले सामान्य लोक शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले, तेव्हा त्यांना हे हक्काचे प्रतिनिधी मिळाले. सुरुवातीला त्यांना सिनेटमध्ये प्रवेश नव्हता; ते दाराबाहेर बाकावर बसून ठराव तपासत, असं जुने लेखक सांगतात. तरी एकट्या ट्रिब्यूनने मनाई केली की ठराव अडायचा. त्याच्या अंगाला हात लावणं हा धर्मद्रोह. मुदत मात्र वर्षाची, आणि बंधनं कडक: शहराबाहेर रात्र काढायची नाही, घराचं दार रात्रंदिवस उघडं ठेवायचं.

हे दार माझ्या डोक्यातून जाईना. आमच्याकडे पाण्याची तक्रार घेऊन गेलं की लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाला कुलूप! संरक्षण आणि मानमरातब आपण पदाबरोबर देतो, मग लोकांना भेटण्याचं बंधनही कायद्यातच का घालत नाही?

संध्याकाळी बसमध्ये यावरून वाद झाला. एक काका म्हणाले, "देश चालवायला खमका माणूसच लागतो." मी त्यांना रोमच्या पहिल्या सम्राटाचं, ऑगस्टसचं सांगितलं. तो ट्रिब्यून कधी झालाच नाही. इ.स.पू. 23 मध्ये त्याने ट्रिब्यूनचे अधिकार तेवढे घेतले, तेही जन्मभरासाठी. ट्रिब्यून पुढेही निवडले जात राहिले, पण त्याला अडवण्याची धमक कोणात उरली नाही. काकांना पटलं नाही. हॉटेल येईपर्यंत आम्ही भांडत होतो.