आमची वाटचाल : पांढऱ्या पाटीची कॅम्पर आणि तिचा विमा

आमचा कारखाना भोसरी एमआयडीसीत. मामंजींनी ट्रकच्या बॉड्या बांधायला सुरुवात केली, पुढे स्कूलबस आल्या, रुग्णवाहिका आल्या, आणि गेली काही वर्षं आम्ही कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्या बांधतो. त्यासुद्धा घरच्या वापराच्या, पांढऱ्या पाटीच्या. शेडवरचं काम नवरा आणि दीर बघतात, कागद माझ्याकडे. गिऱ्हाईक येतं ते आतले फोटो बघून, पण आम्ही या कामात टिकलो ते कागदांमुळे आणि त्यातही विम्यामुळे. म्हणून आमची वाटचाल सांगायची तर विम्याचीच सांगावी लागेल.

2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन (कॅम्परचंच दुसरं नाव) पर्यटनाचं धोरण आणलं आणि आमचे फोन वाजायला लागले. धोरण होतं पर्यटनाचा धंदा करणाऱ्यांसाठी, फोन मात्र यायचे घरच्या माणसांचे. कुणाला रिटायर झाल्यावर बायकोला घेऊन कोकण किनारा धरून खाली जायचं होतं, कुणाच्या घरात गुडघ्याने अधू झालेली आई होती आणि तिला हॉटेलचे जिने चढवत नव्हते. ही माणसं आयुष्यभराच्या बचतीतून एक गाडी करतात. तिचा विमा नीट असायला हवा, हे मला पहिल्यापासून मनापासून वाटत आलं आहे.

पहिली ऑर्डर साताऱ्याच्या एका निवृत्त जोडप्याची. विम्यासाठी आमच्या नेहमीच्या एजंटकडे गेले. ट्रकचा, बसचा विमा डोळे झाकून करणारा माणूस, पण त्याच्या कॉम्प्युटरवरच्या यादीत कॅम्पर हा प्रकारच सापडेना. तो म्हणाला, "वहिनी, तेरा सीटर म्हणून टाकू का? लगेच निघेल." दुसऱ्या एका कार्यालयात ती 'मिसलेनियस' वर्गात घालायला निघाले होते, म्हणजे रुग्णवाहिका आणि फिरती उपाहारगृहं बसतात त्या रांगेत. तिसरीकडे आत शेगडी आहे म्हटल्यावर विचारलं, "एलपीजी किट आहे का? मग आयएमटी-25 लागेल." आयएमटी म्हणजे मोटार पॉलिसीला जोडायची जादा कलमं, आणि हे 25 नंबरचं कलम गाडी गॅसवर चालत असेल तेव्हाचं. स्वयंपाकाच्या गॅसचा त्याच्याशी काही संबंध नाही.

या तिन्ही ठिकाणी पॉलिसी मिळाली असती. पण ती चुकीच्या गाडीची असती.

विमा कंपनी गाडी ओळखते ती आरसीवरून, म्हणजे नोंदणीच्या कागदावरून. आरटीओच्या नोंदणीच्या 'वाहन' प्रणालीत 'कॅम्पर व्हॅन/ट्रेलर (खासगी वापर)' असा स्वतंत्र वर्ग आहे आणि तो बिगर-वाहतूक गटात येतो. आरसीवर ते शब्द आले की अंडररायटरशी, म्हणजे विमा द्यायचा का आणि कसा ते ठरवणाऱ्या कंपनीच्या माणसाशी, बोलायला जागा मिळते. ते नसतील तर एजंट कितीही ओळखीचा असो, उपयोग नाही. म्हणून आमच्याकडे विम्याचं काम बॉडीच्या पहिल्या पट्टीआधी सुरू होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण आठवड्याला कुणीतरी विचारतंच. जुनी, पासिंग झालेली ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन येतात आणि म्हणतात, खुर्च्या काढा, पलंग-ओटा बसवा, आरटीओत कोण बघायला येतंय. आम्ही ते काम घेत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाच्या विरोधात जाणारे बदल चालणार नाहीत असं सांगितलं. अशा गाडीला अपघात झाला की नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर पहिल्यांदा आरसी बघतो, मग आत बघतो. कागदावर तेरा सीट आणि आत दोन पलंग! पुढचं भांडण गिऱ्हाइकाने एकट्याने लढायचं. ती ऑर्डर शेजारच्या गल्लीत जाते हे आम्हाला माहीत आहे. सुरुवातीच्या दिवसांत कामगारांचे पगार डोळ्यांसमोर असताना नाही म्हणणं फार जड गेलं, पण नवऱ्याने आणि मी ते धरून ठेवलं.

आमचा रस्ता लांबचा आहे. कोऱ्या, नोंदणी न झालेल्या गाडीवर काम करायचं. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानक आहे. त्याप्रमाणे नमुना तयार करून चाचणी संस्थेकडून मंजूर करून घ्यायचा. बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाचे कप्पे हे सगळं हवं, आणि ते गाडीत घट्ट बसवलेलं हवं. टेबल तेवढं काढता-घालता आलं तरी चालतं. रुग्णवाहिकांच्या वेळी आम्ही या तपासण्यांतून गेलो होतो, त्यामुळे धास्ती नव्हती. पण छोट्या कारखान्याला एका नमुन्यासाठी लागणारा वेळ आणि पैसा पेलणं सोपं नव्हतं. मामंजींनी त्यासाठी गावाकडच्या विहिरीचं काम पुढे ढकललं.

विम्याचे टप्पेही त्याच क्रमाने येतात. चेसीचा, म्हणजे बॉडी चढण्याआधीच्या गाडीचा विमा आधी, कारण त्याशिवाय तात्पुरती नोंदणी होत नाही. मग बॉडी. ती पूर्ण झाली की गाडी नियमाप्रमाणे असल्याच्या दाखल्याचा, म्हणजे फॉर्म 22-ए चा, आमच्या वाट्याचा भाग आम्ही सही करून देतो, मग पासिंग, आणि त्यानंतर पॉलिसीत बॉडीची किंमत चढवून घ्यायची. हा शेवटचा टप्पा लोकांच्या हातून सुटतो. पॉलिसीवर नुसती चेसीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली किंमत) राहिली तर आतला सगळा संसार विम्याच्या हिशेबात नसतो.

साताऱ्याच्या गाडीसाठी शेवटी एका कंपनीच्या विभागीय कार्यालयातल्या बाई स्वतः शेडवर आल्या. पलंगावर बसल्या, ड्रॉवर उघडून बघितले, ओट्याला दोन्ही हातांनी हलवून बघितलं. वायरिंगचा डबा उघडायला लावला आणि कुठली वायर कुठल्या फ्यूजवर आहे ते दिराला विचारलं. मग म्हणाल्या, "मला आतल्या प्रत्येक वस्तूची यादी द्या, किमतीसकट."

त्या यादीवर आमचा आजचा सगळा कारभार उभा आहे. डाव्या रकान्यात विजेवर चालणाऱ्या वस्तू : सोलर पॅनेल, लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर, फ्रिज, पाण्याचा पंप. मोटार टॅरिफप्रमाणे यांना आयएमटी-24 खाली किमतीच्या 4 टक्के जादा प्रीमियम बसतो. उजव्या रकान्यात पलंग, कपाटं, ओटा, पाण्याची टाकी, बाहेरची छत्री. प्रत्येकापुढे बिल नंबर, असेल तिथे सिरियल नंबर, आणि बसवलेल्या जागेचा फोटो. दोन प्रती गिऱ्हाइकाला, एक आमच्याकडे, एक प्रस्तावासोबत कंपनीला आणि तिची पोच.

थर्ड पार्टीत, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्यात, फारसं बोलण्यासारखं नाही, तो दर सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासूनच्या दरपत्रकात 1500 सीसीवरच्या खासगी कारला वर्षाला 7,897 रुपये होते.

यादीचं मोल दाखवलं एका घाटाने. आमच्या एका गिऱ्हाइकाची गाडी पावसाळ्यात आंबोलीत उभी होती, तिच्यावर झाडाची मोठी फांदी पडली. छताचा एफआरपी (फायबरचा) पत्रा फुटला, सोलर पॅनेल गेलं, पाणी आत जाऊन वरचं कपाट फुगलं. सर्व्हेअरने यादी समोर ठेवली आणि एकेक ओळ टिक करत गेला. फायबरला 30 टक्के घसारा, म्हणजे वापरामुळे भरपाईतून होणारी वजावट, प्लास्टिक-रबराला 50, काचेला शून्य. लाकडाला गाडीच्या वयाप्रमाणे, आणि गाडी दीड वर्षाची म्हणून 10 टक्के. एकही वस्तू 'ही कुठून आली' म्हणून बाजूला काढली गेली नाही. आत भिजलेला लॅपटॉप आणि अंथरुणं मात्र मिळाली नाहीत. मोटार पॉलिसीत घरचं सामान येत नाही. त्याला वेगळा विमा लागतो, आणि आम्ही ते गाडी देतानाच सांगतो.

अजून एक गोष्ट सांगते, अगदी हात जोडून. ही गाडी भाड्याने देऊ नका. पाहुण्याला, मित्राला डिझेलच्या पैशांवर दोन पैसे चढवून दिली तरी तो भाड्याचाच वापर, आणि खासगी पॉलिसीत तो स्पष्ट वगळलेला आहे. धंदाच करायचा असेल तर पिवळी पाटी घ्या, त्याची पॉलिसी वेगळी मिळते. लायसनची चिंता मात्र फार करू नका. साडेसात टनांच्या आतल्या गाडीला एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसन चालतं, हे नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने वाहतुकीच्या गाड्यांच्या बाबतीतही पक्कं केलं आहे.

सध्या माझा वेळ जातो तो नूतनीकरणात. आमच्या पहिल्या गाड्यांना पाच वर्षं होत आली. चार ते पाच वर्षांच्या गाडीची आयडीव्ही तक्त्याप्रमाणे 50 टक्क्यांवर येते आणि पाच वर्षांनंतर ती कंपनी आणि मालक यांनी मिळून ठरवायची असते. म्हणून आम्ही दरवर्षी गाडी शेडवर बोलावतो, बोल्ट कसतो, वायरिंग तपासतो, नवे फोटो काढतो आणि बदललेल्या वस्तूंची यादी सुधारून देतो. याचे पैसे घेत नाही. शिवाय विमा कंपन्यांकडे आमचं एक मागणं चालू आहे : आरटीओच्या यादीत जो वर्ग आहे, तो तुमच्या ऑनलाइन यादीतही आणा. दोन कार्यालयांना तशी लेखी विनंती दिली आहे, आणि दर महिन्याला मी फोन करून विचारते.