तळघरातून कोर्टात

ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्यात निकाल द्यायला सामान्य नागरिकांना कोर्टात बोलावतात त्याचं, पत्र आल्यावर पहिली रिॲक्शन अर्थातच "झालं, गेला दिवस" अशीच होती. पण खरं सांगू का, अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये इतकी वर्षं काढून मी ॲलेगेनी काउंटीचं कोर्टहाउस आतून कधी बघितलंच नव्हतं, ग्रँट स्ट्रीटवरून येताजाता नुसता तो उंच टॉवर दिसायचा.

सकाळी आठला पोचले आणि दारातच गोंधळले. एवढी किल्ल्यासारखी इमारत आणि आत जायला ही असली बुटकी दारं? वाड्याला मोठा दरवाजा असताना आपल्याला बळदातून आत घ्यावं तसं काहीतरी. आत सिक्युरिटीवाल्या काकांना विचारलं तर हसले, म्हणाले हे मुळात तळघरच होतं. म्हणजे झालं असं की ग्रँट स्ट्रीटला पूर्वी चांगलाच चढ होता, घोडागाड्यांचा जीव जायचा, मग 1913 च्या सुमारास टेकडी कापून रस्ताच खाली घेतला आणि कोर्टहाउसचं खरं दार बिचारं वर हवेत राहिलं! आर्किटेक्ट हेन्री हॉबसन रिचर्डसन हे बघायला नव्हता ते बरंच. आधीचं कोर्टहाउस 1882 मध्ये जळालं, मग स्पर्धा जिंकून यानं 1884 ला काम सुरू केलं, आणि 1886 मध्ये गेलाच, वय फक्त 47. 1888 ला इमारत पुरी झाली ती त्याच्या ऑफिसमधल्या लोकांनी केली.

वेटिंग खूप होतं म्हणून मी जिन्यातच रेंगाळले. काय जिना आहे! कमानीमागून कमान, एका वळणावर उभं राहिलं की खालच्या, वरच्या, पलीकडच्या सगळ्या कमानी एकदम दिसतात, आणि बाहेरून दगड इतका ओबडधोबड ठेवलाय की हात लावला तर खरचटेल. टॉवर मला नुसता शोभेचा वाटायचा, पण तो हवा खेचायला होता म्हणे! खाली पोलादाच्या कारखान्यांचा धूर आणि काजळी, म्हणून वरची त्यातल्या त्यात स्वच्छ हवा ओढून इमारतीत सोडायची. एसी नव्हता त्या काळात, डोकं बघा.

मागच्या बाजूला रॉस स्ट्रीटवरून जाणारा दगडी पूल आहे, व्हेनिसमधल्या एका पुलावर बेतलेला, त्यावरून कैदी तुरुंगातून थेट कोर्टात आणायचे. तुरुंगही रिचर्डसनचाच. 1902 मध्ये बिडल नावाचे दोघे भाऊ इथून पळाले, फाशीची शिक्षा झालेले, आणि त्यांना मदत कोणी केली तर वॉर्डनच्या बायकोनं, केट सॉफेल, नुसती मदत नाही तर ती स्वतःही त्यांच्याबरोबर पळाली!! पोलिसांनी गाठलं, दोघे भाऊ मेले, ती वाचली आणि तुरुंगात गेली. तो तुरुंग 1995 ला बंद झाला, आता तिथे फॅमिली कोर्ट चालतं.

मला ज्युरीत काही घेतलं नाही. दुपारी सोडल्यावर बस पकडायच्या आधी रॉस स्ट्रीटवर त्या पुलाखाली पाच मिनिटं मान वर करून उभी होते, मागून एका गाडीवाल्यानं हॉर्न मारला तेव्हा कळलं की मी चक्क रस्त्यातच उभी आहे.