ग्राफिक्स कार्डमधली रुई आणि ३४ दिवस

कॉम्प्युटर साफ करायला मला एक दुपार लागली. त्यातलं ग्राफिक्स कार्ड वॉरंटीत साफ करून घ्यायला ३४ दिवस गेले, आणि ते साफ झालंच नाही. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलो. आपल्या खानदेशात ज्याच्या घरी गेमिंग पीसी आहे त्याला यातलं काहीतरी नक्की कामी येईल.

आमचं घर अमळनेरला. मागच्या गल्लीत जिनिंग आहे. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की रुईचे तंतू हवेत तरंगतात, दोरीवरच्या कपड्यांवर बसतात, घरात येतात. उन्हाळ्यात पारा ४४-४५ ला गेला की कूलरशिवाय खोलीत बसवत नाही, आणि माझं टेबल कूलरच्या थेट झोतात होतं. कॅबिनेट खाली फरशीवर. रुई, धूळ आणि कूलरची ओल एकत्र झाली की काय होतं ते मला झाकण काढल्यावर दिसलं. जुन्या गादीतल्या कापसासारखा दाबून बसलेला करडा थर, बोटाने अख्खा सोलून निघाला.

मशीन सप्टेंबर २०२० चं. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. वॅलोरंट गेममध्ये ते सुरुवातीला दीडशेच्या वर एफपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढी चित्रं, द्यायचं, वीस मिनिटांनी सत्तर-ऐंशीवर यायचं आणि ऐन गोळीबारात अडकायचं. मित्रांनी सांगितलं रॅम वाढव, विंडोज नव्याने टाक. विंडोज टाकलं, काडीचा फरक पडला नाही. मग एचडब्ल्यूइन्फो लावून तापमान बघितलं. प्रोसेसर ९५ अंशांवर. ही त्या प्रोसेसरची वरची हद्द, तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो. कार्ड ८७ वर. आजीने कॅबिनेटला हात लावला आणि म्हणाली, "भो, हाई डबडं चुल्हानामायक तापी ऱ्हायनं." म्हणजे हे डबडं चुलीसारखं तापतंय. तिला सॉफ्टवेअर लागलं नाही.

प्रोसेसरचं काम सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं थोडंच. बहिणीने टॉर्च धरला, मी ब्लोअर मारला. एवढं लक्षात ठेवा: हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरतो आणि त्याचं बेअरिंग बिघडतं. प्रोसेसरचा कूलर (त्याच्यावर बसवलेला पंखा आणि पत्रे) काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून, मग बंद करून, प्लग काढून घ्या. दोघांच्या मध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते, ती कोमट असली की सुटते. कूलर थोडा डावी-उजवीकडे फिरवत सैल करा. थेट वर ओढला तर रायझन ३००० सारखे एएम४ सॉकेटचे प्रोसेसर कूलरला चिकटून पिनांसकट उपटून येतात आणि पिना वाकतात. माझी जुनी पेस्ट खडूसारखी वाळली होती. ती पुसून वाटाण्याएवढी नवी लावली, आणि प्रोसेसर ९५ वरून ७९ वर आला.

राहिलं कार्ड. त्याच्या दोन पंख्यांपैकी एक घरघर करत होता. पंख्यांखालच्या पत्र्यांमध्ये रुई ठासून बसलेली, बाहेरून ब्लोअर मारून ती हलेना. उघडायला जावं तर एका स्क्रूवर वॉरंटीचं स्टिकर. तीन वर्षांची वॉरंटी सप्टेंबर २०२३ पर्यंत होती आणि हे सगळं त्या वर्षीच्या मे महिन्यात चाललं होतं. पैसे मोजून घेतलेली वॉरंटी आहे, तर कंपनीच उघडेल, असं मी ठरवलं.

कार्ड जमा करण्याचं ठिकाण जळगावला. ९ मे, मंगळवार. सकाळची एसटी पकडून कार्ड मांडीवर धरून गेलो. तिथे फॉर्म होता. तक्रारीच्या रकान्यात आधीच छापलेले पर्याय: नो डिस्प्ले, स्क्रीनवर रेषा, पंखा बंद, तुटफूट. माझी तक्रार यातल्या एकातही बसत नव्हती. कार्ड चालतं, चित्र येतं, पंखा फिरतो. पण तो घरघरतो आणि कार्ड ८७ अंशांवर जातं. 'जास्त गरम होतं' असा रकानाच नव्हता. ज्या भागात एप्रिल-मे असा तापतो, तिथे कार्ड घेणाऱ्या फॉर्मवर हा रकाना पहिला हवा.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "भाऊ, पंखा बंद लिहिलं तर ते फिरवून बघतील, फिरला की परत पाठवतील. नो डिस्प्ले लिहितो, मग ते आतून उघडतात." मला ते पटलं. तरी मी पेनाने खाली लिहून घेतलं, 'लोडवर ८७ अंश, पंखा घरघरतो'. ही ओळ माझ्या हातातल्या कागदावर राहिली. त्याने संगणकात जे भरलं त्यात ती नव्हती, हे मला महिन्याने कळलं. तुम्ही कधी असं काही जमा कराल तेव्हा स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या, तक्रारीचे शब्द वाचा, मगच सही करा. मी सही आधी केली.

आणि एक गोष्ट मी विचारातच घेतली नव्हती. रायझन ५ ३६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड काढलं की मशीन सुरू होतं, पण स्क्रीनवर काहीच दिसत नाही. ५६००जी सारख्या 'जी' लागलेल्या प्रोसेसरवर मदरबोर्डमधूनच चित्र मिळतं, माझ्यावर नाही. म्हणजे कार्ड गेलं तसा घरातला कॉम्प्युटरच गेला. बहिणीचा कॉलेजचा फॉर्म आम्ही बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेतून भरला. गेम तर सोडाच.

पहिला आठवडा गेला. साइटवर 'इन प्रोसेस'. दुसरा गेला, 'इन प्रोसेस'. फोन केला की नंबर विचारायचे, चोवीस तासांत कळवतो म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुसराच माणूस पुन्हा नंबर विचारायचा. मी वहीत तारखा लिहायला लागलो, कोणाशी काय बोललो तेही. २६ मेला पुन्हा जळगाव गाठलं, तर तो मुलगा सुट्टीवर आणि दुसऱ्याला माझं काम माहीत नाही. परतताना एसटीत खिडकीतून झळा येत होत्या, हातात काहीच नव्हतं. त्या दिवशी मी बाबांशीही विनाकारण चिडून बोललो.

१२ जूनला फोन आला, कार्ड आलंय. चौतिसावा दिवस. खोक्यावर कागद चिकटवलेला: 'नो फॉल्ट फाउंड'. मी तिथेच कार्ड बाहेर काढून उजेडात धरलं. पत्र्यांमध्ये रुई होती तशी. आणि कडेच्या फटीत एक निळा धागा, आमच्या गोधडीचा, जो मी देताना पाहिला होता. तो जागचा हललाही नव्हता. कोणी कार्ड उघडलं नव्हतं, साधी फुंकरही मारली नव्हती. नो डिस्प्ले लिहिलं होतं, त्यांनी लावून बघितलं, डिस्प्ले आला, पाकीट बंद.

मी धागा दाखवला. उत्तर मिळालं, "डिस्प्ले येतोय ना भाऊ, मग फॉल्ट कसा लिहिणार? नवीन तक्रार करा, तीन-चार आठवडे लागतील." माझा आवाज चढला, हे मी लपवत नाही. रांगेतले एक काका म्हणाले, "पोरा, घरी ने आणि स्वतः उघड." मी तेच केलं.

घरी येऊन जेवणही न करता स्टिकरला स्क्रूड्रायव्हर लावला. हात थोडा थरथरला. एकूण चाळीस मिनिटं. मागचे स्क्रू, त्यात मधल्या चिपभोवतीचे चार स्प्रिंगवाले. ते एकदम काढायचे नाहीत, तिरप्या जोड्यांनी थोडे थोडे सैल करायचे. हीटसिंक, म्हणजे तो पत्र्यांचा ठोकळा, उचलताना पंख्याची बारीक वायर बोर्डला जोडलेली असते, ती आधी सोडवा, झटका देऊ नका. मेमरीच्या चिपांवरचे मऊ पॅड फाटले नाहीत तर तेच परत बसवा. बदलायचेच झाले तर त्याच जाडीचे घ्या, नाहीतर हीटसिंक चिपला नीट टेकत नाही. रुई चिमट्याने काढली, उरलेली ब्रशने. पंख्याची घरघर त्याच्या आसाला गुंडाळलेल्या तंतूंमुळे होती, ते कापून काढल्यावर पंखा गप्प झाला.

त्या रात्री तासभर वॅलोरंट खेळलो. कार्ड ७२, प्रोसेसर ७९, एफपीएस शेवटपर्यंत दीडशेच्या खाली आला नाही. बहीण शेजारी बसून आकडे मोठ्याने वाचत होती. इतकं समाधान मला ते मशीन नवं आणलं तेव्हाही झालं नव्हतं. आपल्या हाताने झालं याचा अभिमान वाटला आणि अजून वाटतो.

आठवतील तशा बाकीच्या गोष्टी सांगतो. पेस्ट पुसायला मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मागा, ९९ टक्केवालं. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीन असतं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा मारू नका. माझ्या मित्राने मारली तर नळीतून पाण्याचे थेंब मदरबोर्डवर आले. त्या टाकीत पाणी साठतंच. पॉवर सप्लाय उघडू नका, प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली राहते. त्याला बाहेरूनच हवा मारा. बिलाचा फोटो घेतल्या दिवशी काढून ठेवा. माझं बिल तीन वर्षांत पुसट होऊन कोरं पडलं होतं, दुकानदाराने जुन्या नोंदीतून पुन्हा छापून दिलं म्हणून निभावलं. कार्ड जमा करण्याआधी सिरियल नंबरचा, आणि आतल्या धुळीचाही फोटो काढा.

कॅबिनेट आता टेबलावर आहे, कूलरच्या झोतापासून लांब. पुढच्या जाळीची धूळ दर पंधरा दिवसांनी पुसतो. जिनिंगचा हंगाम संपला की एप्रिलमध्ये झाकण उघडतो, पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा.

हां, एक राहिलं. सगळं परत जोडून मशीन चालू केलं आणि स्क्रीनवर काहीच आलं नाही, तर घाबरू नका. माझंही तसंच झालं. रॅम सैल बसली होती. काढून, तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसून, दोन्ही बाजूंनी टक आवाज येईपर्यंत दाबली, आणि मशीन लागलं.