आधी शाई, मग भिंती

एका तरुण कलाकार गटाचे पहिलेच समूहप्रदर्शन भरले आहे आणि तिथे चित्रे पाहण्याबरोबरच प्रेक्षकांना स्वतः काही करूनही पाहता येणार आहे, असे कळल्यावर पहाटेच्या गाडीचे तिकीट काढायला मी वेळ लावला नाही. प्रवासाविषयी सांगण्यासारखे एवढेच की खिडकीची जागा मिळाली आणि गाडी वेळेवर पोहोचली.

प्रदर्शन एका जुन्या वखारीत होते. त्याचे नवल वाटू नये, कारण स्वतःच्या बळावर प्रदर्शन भरवणाऱ्यांना अशाच जागा शोधाव्या लागतात. १५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमध्ये मोने, देगा, पिसारो, बर्थ मोरिझो आदी, पुढे ‘इंप्रेशनिस्ट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या चित्रकारांसह सुमारे तीस कलावंतांनी आपले पहिले प्रदर्शन खुले केले, ते नादार या छायाचित्रकाराच्या पूर्वीच्या स्टुडिओत. आणि १९०६ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या ‘डी ब्र्यूके’ या तरुण चित्रकारांच्या गटाने चित्रे मांडली, ती दिव्यांच्या कारखान्याच्या दालनात. वखारीचे मला म्हणूनच कौतुक वाटले. दाराशी लावलेल्या लांबलचक निवेदनाचे मात्र वाटले नाही. ते कोणत्याही गटाच्या नावाखाली खपून गेले असते.

पहिल्या फेरीत रंगीत कॅनव्हासांनीच नजर खेचून घेतली आणि एका कोपऱ्यातली काळी-पांढरी छापचित्रे भराभर पाहून होऊन गेली. मग मागच्या अंगणात लिनोकटच्या टेबलाशी जागा मिळाली. लिनोलियमच्या मऊ लादीचा जो भाग कोरून काढावा तो कागदावर कोरा राहतो, उरलेला छापला जातो, आणि सगळे चित्र उलटे उमटते, हे ऐकायला सोपे आहे. हातात कोरणी आल्यावर मात्र प्रत्येक रेघेपाशी मन थबकते. लादी धरणारा हात कायम पात्याच्या मागे ठेवायचा, ही पहिली ताकीद. काचेवर शाई पसरताना रोलरचा बारीक, चिकट सळसळ आवाज येऊ लागला की थर नेमका झाला, असे शिकवणाऱ्या मुलीने सांगितले, आणि खरोखरच शाई जास्त झाली की तो आवाज बदलत होता. लादीवर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घोटताना ती म्हणाली, “घाई करू नका, एक कोपरा उचलून बघा, कागद सरकला की सगळंच गेलं.”

शेजारी सायनोटाइप, म्हणजे उन्हाच्या मदतीने कागदावर निळ्या प्रतिमा उमटवण्याचे काम, चालले होते. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेली ही पद्धत अजून तशीच आहे: फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइडचे मिश्रण कागदाला लावून तो अंधारात वाळवायचा, वर पाने ठेवून उन्हात धरायचा आणि साध्या पाण्याने धुवायचा. वनस्पतींची अभ्यासक ॲना ॲटकिन्सने १८४३ पासून समुद्री शैवालांच्या प्रतिमा याच रीतीने केल्या. ढग आल्यामुळे रांग खोळंबली, पण धुताना पिवळट पाणी ओघळून जाऊन खालून निळा रंग वर येऊ लागला, तेव्हा खोळंब्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

त्यानंतर केलेली दुसरी फेरी हीच माझ्या मते या प्रदर्शनाची खरी भेट. त्याच कोपऱ्यातल्या एका छापचित्रात पावसाच्या रेघा दिसत होत्या; आता कोरणी कुठे टेकली, कुठे जोर कमी होऊन रेघ निमुळती झाली, हे जवळून वाचता येत होते. कडेच्या ‘४/१२’ या आकड्यांचा अर्थ, म्हणजे बारा प्रतींतली चौथी, तोही आता लक्षात आला. उलट एकदोन मोठे कॅनव्हास या वेळी पोकळ वाटले.

म्हणूनच कार्यशाळा मागे ठेवल्याचे मला खटकले, कारण कितीतरी लोक भिंती पाहूनच परत जात होते. गटातल्या एकीला मी हे सांगितले. ओल्या छापांना वर्दळीपासून दूर ठेवावे लागते, असे तिने उत्तर दिले. कारण रास्त होते; तरी निवेदनाच्या जागी अंगणाकडे नेणारा एक मोठा बाण लावा, असे सुचवून मी परतीची गाडी गाठली.