मचाणावरची रात्र आणि रातची लाईन

अंथरुणात पडून तारे बघायचे असतील तर डोक्यावर काच नको आणि आसपास दिवा नको. बाकी गादी कितीही जाड असो. हे मी चिडूनच लिहिते आहे, कारण गेल्या हिवाळ्यात जंगलाजवळच्या एका रिसॉर्टमध्ये पारदर्शक घुमटाच्या खोलीत एका रात्रीचे नऊ हजार मोजले. 'बेडवरून आकाशदर्शन' अशी जाहिरात होती. घुमटाबाहेर पायवाटेला पांढरेफटक एलईडी, झाडांना लायटिंगच्या माळा, आणि पार्किंगचा फोकस रात्रभर चालू. मध्यरात्रीनंतर घुमटाला आतून वाफ धरली आणि मृग नक्षत्रसुद्धा पुसट झालं. दिवे बंद करा म्हटलं तर 'सेफ्टीसाठी ठेवावेच लागतात' हे उत्तर. मग छत पारदर्शक कशासाठी केलं?

म्हणून या वेळी शिवरात्र झाल्यावर, अवसेच्या आसपास, मुलीला घेऊन थेट शेतातल्या मचाणावर झोपायला गेले. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या माहेरचं गाव पेंचच्या बफरमध्ये, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यात आहे, तिच्या भावाचा गहू उभा होता आणि जागल, म्हणजे रात्रीची पिकाची राखण, चालूच होती. नागपूरहून कामठी, कन्हान, मनसर, मग पवनी. तिथून सिल्लारीकडे वळलं की रस्त्यावरचा उजेड संपतो. आणि तो मुद्दाम संपवलेला आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचं काळोखं आकाश जपणारी जागा, म्हणून मान्यता मिळाली. आशियातलं ते पाचवं. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून जास्त पथदिवे बदलून जमिनीकडे तोंड केलेले दिवे लावले. गावात अंधार नाही, पायाखाली व्यवस्थित दिसतं, फक्त दिव्याचा झोत वर जात नाही. इतकी साधी गोष्ट. नऊ हजार घेणाऱ्यांना ती का सुचत नाही, हा माझा राग अजून गेलेला नाही.

याआधी मचाणावर बसले होते ते बुद्धपौर्णिमेला, पाणवठ्यावरची प्राणीगणना करायला. पौर्णिमेला जनावरं दिसतात, तारे धुऊन निघतात. ताऱ्यांसाठी अवसच हवी.

मचाण म्हणजे चार सागाच्या बल्ल्या, वर आडव्या बांबूंवर तट्टा, त्यावर तणसाचा, म्हणजे भाताच्या काडाचा, हातभर थर आणि त्यावर दोन गोधड्या. शिडी म्हणजे एकाच बल्लीला केलेल्या खाचा. एका बाजूला मोहाचं झाड, पानं गळून गेलेलं, त्यामुळे फांद्यांमधूनही आकाश मोकळं. तणसाचा वास येतो, कूस बदलली की ते खसखसतं, आणि मानेला टोचतं. मला त्या घुमटातल्या गादीपेक्षा इथे जास्त चांगली झोप लागली असती. का लागली नाही ते पुढे सांगते.

जेवण खालीच, विहिरीपाशी. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा आणि आधी काट्याकुट्यांवर भाजलेला हरभऱ्याचा हुळा. हात काळे, ओठ काळे. मग चूल विझवली आणि भाऊंनी सांगितलं, "आता अर्धा घंटा मोबाईल नोका काढू ताई. काढला का पुन्हा सुरुवातीपासून." अगदी बरोबर सांगितलं. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या स्क्रीनचा एक झोत ती सगळी मेहनत घालवतो. मुलीनं टॉर्चला लाल जिलेटीन कागद गुंडाळून आणला होता, तेवढाच उजेड.

आठच्या सुमारास मृग डोक्याजवळ, त्याच्या खाली व्याध, आणि व्याधाच्या बऱ्याच खाली, दक्षिणेला, अगस्त्य. पुण्या-मुंबईत इमारतींच्या मागे हरवणारा अगस्त्य इथे गव्हावर हात-दीड हात उंचीवर ठळक. त्याच वेळी ईशान्येकडून सप्तर्षी वर येत होते. आधी चौकोन आला, तिन्ही मागचे तारे अजून झाडीत. भाऊंची आई विझत आलेल्या शेकोटीपाशी बसली होती, तिनं वर न बघताच मुलीला विचारलं, "बाज निंगली का वो?"

चार तारे म्हणजे म्हातारीची बाज, म्हणजे खाट. मागचे तीन म्हणजे तीन चोर. "म्हातारीचा डोया लागला का बाज नेतात. म्हणून थे झोपतच नाई," आजी म्हणाली. मुलगी खगोलमंडळाच्या शिबिराला जाते, मरीची-वसिष्ठ-अंगिरस तिला पाठ आहेत, पण ती अर्धा तास आजीपाशी बसून राहिली. बाजेचे पाय मोजले, चोर कुठे पोचले ते पाहिलं. घरी आल्यावर मी शोधलं, तर तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेले मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी गोंड गावांत फिरून आकाशाच्या अशा कल्पना टिपल्या आहेत, २०१३ मध्ये त्यांचा शोधनिबंधही आला. त्यात म्हातारीची बाज आणि तीन चोर आहेत. फार आनंद झाला मला. आपल्याकडे राशीभविष्य घराघरात पोचलं आणि ही बाज शेकोटीपाशीच राहिली.

एक वाजता खालून आवाज आला. "ताई, झोपा न जी तुमी. लाईन आली. पाणी धरून येतो."

त्या हप्त्यात गावाला शेतीची वीज रात्रीची होती. भाऊंनी फेटा गुंडाळला, कुदळ घेतली, गमबूट चढवले आणि बॅटरी घेऊन विहिरीकडे गेले. मोटर सुरू झाली. मग बॅटरीचा तो ठिपका गव्हाच्या बांधाबांधानं फिरत राहिला. एक वाफा भरला की बारं मोडायचं, पुढचं खोलायचं, चिखलात वाकून. बफरमधलं शेत. रानडुक्कर, रोही (नीलगाय) रोजचे, बिबट्याचा माग आम्हाला संध्याकाळीच दाखवला होता, वाघही याच रानात फिरतो. मध्येच थांबून ते मोठ्यानं हाकारा देत, तेवढ्यानं गव्हाच्या कडेला काहीतरी खसफसत निघून जायचं.

मी वरून बघत होते. उत्तरेला बाज आता पुरी उंच चढली होती, तिन्ही चोर तिच्या मागे. मृग पश्चिमेला टेकत होता. दोनच्या पुढे दक्षिणेला त्रिशंकू दिसायला हवा होता. तो आपल्याकडून क्षितिजाला धरूनच दिसतो, आणि नेमकं त्याच बाजूला नागपूर आणि कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या उजेडाचा पिवळट पट्टा होता. त्यात त्याचा वरचा तारा तेवढा कसाबसा सापडला. सत्तर किलोमीटरवर शहर रात्रभर वर उजेड फेकत होतं आणि इथे माणूस मोटर लावायला एक वाजेपर्यंत जागत होता. मला झोप आली नाही. या अंधाराचं कौतुक करत मी आले होते, आणि त्याच अंधारात कुणाला रोज काम करावं लागतं ते मचाणाच्या अगदी खाली चाललं होतं. मोटर चार वाजता बंद झाली. तोवर वृश्चिक आग्नेयेला चांगला वर आला होता आणि त्याच्या मागून आकाशगंगेचा दाट भाग, कुणी न सांगताही नजरेत भरेल असा. मुलीला उठवलं. भाऊंनाही वर बोलावलं, पण ते भिजले होते. शेकोटी पेटवून बसले.

सकाळी चहा घेताना त्यांना विचारलं, रोज असंच का? ते म्हणाले, सौर पंपाचा अर्ज भरलाय, लागला तर पाणी दिवसा होईल.

"मग रात्री झोपायला मिळेल," मुलगी म्हणाली.

"डुकरं काय दिवसा येतेत का?" भाऊ म्हणाले. शिमग्यानंतर गहू निघाला की जागल संपते. तुम्हाला जायचं असेल तर त्याआधीची अवस धरा, पैसे घरच्या बाईच्या हातात द्या, आणि गमबूट घेऊन जा. आम्ही पुढच्या वर्षी पाणी धरायलाही उतरणार आहोत, तसं सांगून आलोय.