अब्रुनुकसानीचा दावा आणि पक्षाची वही

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आमच्या छोट्या पक्षाने ठाण्यातल्या घोडबंदर पट्ट्यातल्या एका रस्त्याबद्दल पत्रक वाटलं. माहिती अधिकारात मिळालेली मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) पानं आणि प्रत्यक्षातला रस्ता यांचा मेळ बसत नाही, एवढंच त्यात होतं, कंत्राटदाराच्या नावासकट. निवडणूक आम्ही हरलो. काही महिन्यांनी बेलिफ समन्स घेऊन कार्यालयात आला. कंत्राटदाराने लावलेला अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा, मागणी एक कोटीची. प्रतिवादी क्रमांक १ पक्ष, क्रमांक २ आमचे शहराध्यक्ष अण्णा. निवडणूक पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि पत्ता छापणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमाने सक्तीचं आहे. प्रकाशक म्हणून अण्णांचं नाव होतं, त्यामुळे दावा त्यांच्याही अंगावर आला.

मी पक्षाचा खजिनदार. हे लिहितोय ते पैशांबद्दल, कारण लहान पक्षाला असा दावा निकालाआधीच जेरीस आणतो आणि त्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

समन्स मिळाल्यापासून कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस, कोर्टाने वाढवून दिले तर ९०. तेवढ्यात वकील गाठायचा, वकालतनामा द्यायचा, कागद लावायचे. कोर्ट नाक्याजवळ बसणाऱ्या एका वकील मॅडमनी काम घेतलं आणि पहिल्याच बैठकीत फी टप्प्याटप्प्याने सांगितली: कैफियतीची वेगळी, निशाणी ५ च्या, म्हणजे पत्रक पुन्हा वाटायला तात्पुरती मनाई मागणाऱ्या अर्जाच्या, युक्तिवादाची वेगळी, पुढे साक्षीपुराव्याची वेगळी. टायपिंग, झेरॉक्स, प्रमाणित प्रती हे वर. माझा पहिला प्रश्न होता, जिंकलो तर हे परत मिळतं का? त्या स्पष्ट बोलल्या. निकालात दाव्याचा खर्च देववला तरी खरी फी त्यात क्वचितच भरून निघते. आणि खोटा, त्रास देण्यासाठी लावलेला दावा म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३५-अ कलमाखाली जी भरपाई मिळते, तिची कमाल मर्यादा ३,००० रुपये आहे. मागणी एक कोटीची आणि खोट्या दाव्याची किंमत तीन हजार! हा आकडा बदलायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

कार्यकारिणीत पहिला वाद झाला तो अण्णांच्या खर्चावरून. पक्षाचा खर्च पक्ष करेल, पण त्यांचा वैयक्तिक बचाव कोणाच्या खिशातून? मी अरुण जेटली विरुद्ध अरविंद केजरीवाल या दाव्याची आठवण करून दिली. दावा २०१५ मध्ये १० कोटींचा लागला, २०१७ मध्ये मुख्यमंत्री केजरीवालांचे वकील राम जेठमलानींच्या काही कोटींच्या बिलाचा भार दिल्ली सरकारच्या तिजोरीवर टाकायचा का यावरून गदारोळ झाला, आणि २०१८ मध्ये केजरीवालांनी माफी मागून प्रकरण मिटलं. खर्च कोणाचा हे आधीच लिहून ठेवायचं, हा माझा आग्रह होता. पत्रक काढण्याचा ठराव इतिवृत्तात होता. तो वाचून दाखवला आणि अण्णांचा बचावही पक्षाने करावा असा नवा ठराव सह्यांसह झाला.

मग वर्गणी. महापालिका निवडणुकीसाठी जपून ठेवलेले पैसे पहिल्या दोन टप्प्यांतच संपले होते. देणगी घेतानाचे नियम मी कार्यालयातल्या फळ्यावर लिहून ठेवले. २,००० रुपयांवर रोख घ्यायची नाही, नाहीतर पक्षाची आयकर सवलत धोक्यात येते. वर्षाला २०,००० च्या वर देणाऱ्याचं नाव निवडणूक आयोगाला कळवायचं. परदेशी पैसा अजिबात नाही. ठाण्यातच वाढलेला एक जुना मित्र अमेरिकेतून मोठी रक्कम पाठवायला तयार होता. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलंय म्हटल्यावर मी नको म्हणालो. त्याला वाईट वाटलं, मलाही. पण ज्या कागदावर आम्ही दुसऱ्याचा हिशेब मागितला, त्याच्या बचावाचा हिशेब आमच्याकडून चोख हवा.

जांभळी नाक्यावरचे एक रिक्षावाले काका ५०० रुपये घेऊन आले. मी पावतीवर 'पक्षनिधी' लिहायला लागलो, तर त्यांनी बोट ठेवून थांबवलं. म्हणाले, "नाही भाऊ, 'कोर्ट खर्च' लिहा. माझे पैसे झेंड्याला नाहीत, त्या रस्त्याला आहेत." त्या दिवसापासून कोर्ट खर्चाची वही वेगळी केली. किती आले, कोणाला किती दिले, शिल्लक किती, हे दर तिमाहीला कार्यालयाबाहेर लावतो.

मधे समोरून निरोप आला: बिनशर्त माफीचं पत्र द्या, दावा काढून घेतो. पैशांच्या दृष्टीने तो सुटकेचा रस्ता होता आणि दोघा-तिघांनी तसं बोलूनही दाखवलं. त्यांना मी दोष देत नाही. मॅडमनी कायदा समजावला. दिवाणी दाव्यात विधान खरं असणं हाच पूर्ण बचाव. फौजदारीत, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेच्या ३५६ कलमाखाली, खरेपणाबरोबर सार्वजनिक हितही दाखवावं लागतं. आमच्याकडे माहिती अधिकारातली प्रमाणित पानं होती, पानाला दोन रुपये भरून घेतलेली. अण्णा म्हणाले, "कागद खरे आहेत, मग माफी कशाची?" विषय तिथे संपला.

निशाणी ५ च्या त्या मनाई अर्जावर मॅडमनी ब्लूमबर्ग ही वृत्तसंस्था विरुद्ध झी या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२४ चा निकाल वाचला. सुनावणीआधीच मजकुरावर बंदी घालताना कोर्टांनी फार जपून वागावं, असं त्यात म्हटलंय. अर्ज फेटाळला गेला. बाहेर आल्यावर अण्णांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

दावा अजून चालू आहे. १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान झालं, तेव्हा आम्हाला हव्या होत्या तितक्या जागा लढवता आल्या नाहीत. कारण वहीत आहे. आता मुद्दे निघतील, म्हणजे नेमका वाद कशावर हे कोर्ट ठरवेल, मग वादीची साक्ष आणि उलटतपास. त्या टप्प्याची फी अर्धी जमली आहे. बाकीची जमवण्यासाठी येत्या रविवारपासून नौपाड्यात घरोघरी फिरणार आहोत, पावतीपुस्तक आणि पत्रकाची प्रत बरोबर घेऊन.