एवढ्याशा ट्रेलरला सांभाळायचं काय असतं?

"गाडीमागे ओढून न्यायचा, मुक्कामाचा चार-साडेचार मीटरचा ट्रेलर, आत एक पलंग, एक शेगडी. त्याला सांभाळायचं असं काय असतं?" मोठ्या ट्रेलरची धास्ती वाटते म्हणून लहानाकडे वळलेली मंडळी हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहायला बसले.

लहान ट्रेलरला चूक पचत नाही. एकच आस, छोटी चाकं, आखूड लांबी, तोकडी भारक्षमता आणि आत मोजकी हवा. मोठ्या ट्रेलरमध्ये खपून जाणारी गोष्ट इथे लगेच अंगावर येते.

आधी वजन. समजा रिकामा ट्रेलर 900 किलोचा आहे आणि कमाल मर्यादा 1200 किलो. हाताशी 300 किलो आहेत असं वाटतं. पण 80 लिटरची पाण्याची टाकी भरली की 80 किलो तिथेच गेले. बॅटरी, गॅसची टाकी, बाहेर ओढायचं कापडी छत या गोष्टी कागदावरच्या 'रिकाम्या' वजनात बऱ्याचदा धरलेल्याच नसतात. म्हणून सगळं सामान भरून एकदा वजनकाट्यावर न्यायचा. अंदाज कायम कमीच निघतो.

एकूण वजनाइतकंच महत्त्वाचं आहे ते पुढच्या दांड्यावर, म्हणजे गाडीच्या बॉलवर (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्यावर), किती येतं. साधारणपणे एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के धरतात. 1100 किलोच्या ट्रेलरला 110 ते 165 किलो. गाडीच्या किंवा कपलरच्या (दांड्याच्या टोकाची, बॉलवर बसणारी पकड) निर्मात्याने त्याहून कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळायची. हे वजन घरच्या वजनकाट्यावरही मोजता येतं. दांडा ओढताना असतो तेवढ्याच उंचीवर, ट्रेलर सपाट, चाकांना ठोकळे. एक जाड फळी घ्या, तिचं एक टोक विटांवर आणि दुसरं काट्यावर ठेवा. दांडा फळीवर असा टेकवा की विटांच्या टेकूपासून 30 आणि काट्याच्या टेकूपासून 60 सेंटिमीटर अंतर राहील. काट्यावरच्या आकड्यातून नुसत्या फळीचा आकडा वजा करून 3 ने गुणा. काट्यावर तिसरा हिस्साच येतो, त्यामुळे तो मोडत नाही.

हा आकडा कमी पडला की ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो. नेहमीचं कारण म्हणजे मागच्या बाजूला लटकवलेल्या सायकली. दुसरं कारण सहसा लक्षात येत नाही: पाण्याची टाकी आसाच्या मागे असेल, तर ती भरल्यावर दांड्यावरचा भार कमी होतो. असे हेलकावे सुरू झालेच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं. गाडीचा ब्रेक करकचून दाबायचा नाही आणि 'वेग वाढवला की सरळ होईल' या सल्ल्याच्या नादीही लागायचं नाही. ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा खटका गाडीत असेल तर तेवढाच हलकेच वापरायचा.

जोडताना एक चाचणी कधीच चुकवू नये. कपलर बॉलवर बसवून खटका लावला की पुढचा जॅक फिरवून दांडा वर उचलायचा. गाडीचा मागचा भाग सोबत उचलला गेला तर पकड बसली. कपलर सुटून वर आला तर बॉल नीट आत गेलेला नाही. सुरक्षेच्या साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन अडकवायच्या, म्हणजे कपलर सुटला तरी दांडा रस्त्यावर न आपटता त्यांच्यावर झेलला जातो. आपत्कालीन ब्रेकची तार (ट्रेलर सुटला तर त्याचा ब्रेक ओढणारी) मात्र साखळीच्या हुकात नाही, गाडीला स्वतंत्र.

रिव्हर्स घेताना आखूड ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा लवकर वळतो, गाडीशी कोन करून लवकर दुमडतो. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. हात जिकडे, ट्रेलर तिकडे. बिघडलं की पुढे घेऊन सरळ करा. मागे जात राहून सुधारायचा हट्ट धरला की बंपरला पोचा ठरलेला.

चाकं लहान असल्यामुळे तेवढ्याच अंतरात ती जास्त फेरे घेतात, बेअरिंगवर ताण येतो. वर्षातून एकदा बेअरिंग काढून, धुऊन, नवं ग्रीस भरावं. प्रवासात थांबलात की दोन्ही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्या. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम लागली तर बेअरिंग जातंय किंवा ब्रेक चिकटलाय. चाक बदललं असेल तर 80 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा पान्याने आवळायचे. टायरची नक्षी पाहून फसू नका. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने जातात. बाजूवर छापलेल्या चार आकड्यांत 3521 असेल तर टायर 2021 च्या 35 व्या आठवड्यातला. 5-6 वर्षांनी बदललेला बरा.

मुक्कामाला पोहोचल्यावर क्रम महत्त्वाचा. पाणसळ ठेवून आधी डावं-उजवं जुळवायचं, खालच्या चाकाखाली फळी घालून, आणि तेही ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच. मग चाकांना ठोकळे, मग गाडी सोडायची, मग पुढच्या जॅकने पुढची-मागची पातळी. कोपऱ्यांचे चार पाय सगळ्यात शेवटी. ते हलणं थांबवण्यासाठी असतात. त्यांनी ट्रेलर उचलायला गेलात तर चौकट वाकते आणि दार लागेनासं होतं.

आणि आता ओल, लहान ट्रेलरची खरी वैरीण. दोन माणसं रात्रभरात श्वासाघामातून अर्धा ते एक लिटर पाणी हवेत सोडतात. एक किलो प्रोपेन, म्हणजे शेगडीचा गॅस, जळला की दीड किलोहून जास्त वाफ तयार होते. एवढ्याशा खोलीत ती जाणार कुठे? काचेवर, गादीच्या खालच्या बाजूला, कपाटाच्या मागे. थंडीतही छताचा झरोका दोन-तीन सेंटिमीटर आणि समोरची एखादी खिडकी किलकिली ठेवावीच. गादी सपाट प्लायवर न ठेवता फळ्यांच्या सांगाड्यावर ठेवली की बुरशी आटोक्यात राहते. शेगडी पेटवून खोली गरम करणं तर अजिबात नको. ओल सोडा, कार्बन मोनॉक्साईडचा धोका जिवाशी गाठ घालतो. त्याचा अलार्म हवाच. गॅसगळतीचा अलार्म वेगळा आणि जमिनीलगत, कारण शेगडीचा गॅस हवेपेक्षा जड असतो.

बाहेरचं पाणी आत येतं ते छताच्या सांध्यांतून. झरोका, खिडक्या, कडेच्या पट्ट्या यांवरचं सीलंट वर्षातून दोनदा हात फिरवून पाहायचं. तडा दिसला तर सुटलेलं खरवडून, पुसून, छताच्या पत्र्याला किंवा रबराला चालणारंच सीलंट लावायचं. साधं सिलिकॉन थापू नका; त्यावर पुढे दुसरं काही धरत नाही. जुना ट्रेलर घेत असाल तर आतल्या सगळ्या कोपऱ्यांत, खिडक्यांखाली आणि पलंगाच्या खोक्यात अंगठ्याने दाबून पाहा. भिंत मऊ लागली, तर आतलं लाकूड कुजलेलं असतं, आणि ते बदलायचं म्हणजे अख्खी भिंत उघडायची.